सोमवारी अडकणारं यंत्र

ऑफिसात तिला सासूबाई म्हणत. तिचं लग्न झालेलं नव्हतं, घरी सून नव्हती, जावई नव्हता. पण आपला कोड तपासायला तिच्या टेबलापाशी नेला की प्रत्येकाला वाटे, आपण पहिल्यांदाच स्वयंपाक करून वाढलाय आणि समोरून आता पहिला प्रश्न येणार, "मीठ कोणी घातलं?" तेवढ्यावरून नाव पडलं. तिला ते माहीत होतं. एकदा लिफ्टमध्ये दोघं जण तिच्या पाठीमागे कुजबुजत होते, "आज सासूबाईंचा मूड कसाय?" तिने मागे न वळताच सांगितलं, "वाईट."

वय चोपन्न. केस कानापर्यंत कापलेले, पांढरे, स्वतःच आरशासमोर उभं राहून कापल्यासारखे. आणि ते तसेच कापलेले असत. कंपनी लहान लॅबसाठी रक्त तपासायची यंत्रं बनवायची. त्या यंत्राच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्यातली फाइल सिस्टिम हिची. म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवायचं, मागितलं की ते कुठून काढून द्यायचं, आणि सकाळी बटण दाबल्यावर डिस्क नीट उघडायची, एवढं काम करणारा कोड. तेवीस वर्षांत त्यात दुसऱ्या कोणी हात घातला नव्हता. घालायला गेले, त्यांना प्रत्येक ओळीमागे एक लेखी हरकत मिळाली. कंपनीत हरकतीचा छापील फॉर्म होता. ते वर्षाला दोनशे लागत, त्यातले एकशे ऐंशी तिच्या टेबलावरून जात.

त्या गुरुवारी मीटिंगमध्ये मुकादमाने यादी टेबलावर आपटली. मुकादम म्हणजे त्यांचा विभागप्रमुख. उभ्या उभ्या काम करून घ्यायची त्याला सवय होती, म्हणून हे नाव.

"एकतीस तक्रारी," तो म्हणाला. "एकतीस. बटण दाबलं की 'डिस्क उघडत आहे' एवढं लिहून येतं, आणि पुढे काही नाही. तास जातो, दोन तास जातात. सर्व्हिसचा माणूस जातो, नवी डिस्क घालतो, मग सुरू होतं. ह्याला काय म्हणायचं?"

"जुन्या डिस्क परत आल्या ना?" सासूबाई म्हणाली. "त्या खाली टेस्टिंगच्या यंत्रात घातल्या. सगळ्या उघडल्या. दोन सेकंदांत."

"इथे उघडतात, तिथे उघडत नाहीत. मग पेशंटना इथे आणून बसवू का?"

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला जावई बसला होता. तोही कोणाचा जावई नव्हता. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा मुकादमाने त्याला खिडकीजवळची जागा, नवी खुर्ची आणि दोन मॉनिटर दिले होते. ती सरबराई बघून तिसऱ्या दिवशी त्याचं नामकरण झालं.

"मॅडम, हा कोड नक्की किती वर्षांचा आहे हो?" त्याने अगदी मधाळ विचारलं.

"तुला शाळेत नाक पुसायला शिकवत होते तेव्हाचा."

"तेच म्हणतोय. आता बाहेर तयार फाइल सिस्टिम मिळतात. हजारो लोकांनी वापरलेल्या, तपासलेल्या. आपण अजून घरीच दळत बसायचं कशाला?"

"हजारो लोकांनी तपासलेली म्हणजे, आपल्यातल्या एकानेही न वाचलेली."

"निदान ती सुरू तरी होते."

कोणीतरी हसलं. सासूबाईने कोण ते पाहून ठेवलं.

मुकादमाने हात वर केला. "भांडण बाहेर. ऐका. बुधवारी मी निर्णय घेणार. तोपर्यंत कारण सापडलं, आणि ते बाईंच्या कोडच्या बाहेरचं निघालं, तर त्यांचा कोड राहील. नाही सापडलं, किंवा त्यांच्याच कोडमध्ये निघालं, तर पुढच्या खेपेपासून बाहेरची फाइल सिस्टिम. आणि बाई माहितीपुस्तिका विभागात."

"लेखी द्या," सासूबाई म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललात ते. तारीख घालून."

मुकादमाने तिच्याकडे असं पाहिलं, की पाहण्याने माणूस खिडकीतून बाहेर पडत असता तर ती सहाव्या मजल्यावरून खाली गेली असती. मग कागद ओढला आणि लिहून दिलं.

तळघरात टेस्टिंगचं लांब टेबल होतं. त्यावर बारा यंत्रं ओळीने घुर्रघुर्र करत बसलेली. शुक्रवारी ती तिथे गेली, परत आलेल्या एकतीस डिस्क एकेक करून पुन्हा घातल्या, प्रत्येक यंत्र दहा दहा वेळा रीस्टार्ट केलं. तीनशे दहा वेळा डिस्क उघडली. टेस्टिंगची मुख्य होती तिची एकुलती एक मैत्रीण म्हणता येईल अशी बाई. म्हणजे दोघी भांडल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलत. तिला सगळे तपासनीस म्हणत.

"प्रत्येक डिस्कवर मी चिकटवलंय बघ," तपासनीस म्हणाली. "'दोष आढळला नाही.' एकतीस चिकट्या. आता मला कंटाळा आलाय."

"तक्रारींच्या तारखा कुठायत?"

"मागच्या पानावर. पण त्यात काही नाही. सगळ्या सोमवारच्या. लोक सोमवारी चिडलेले असतात, सोमवारी फोन करतात."

"लोक सोमवारी चिडतात, कबूल. यंत्र कशाला चिडेल?"

"तुझं आहे ना ते. चिडेल."

सासूबाईने यादी हातात घेतली. सत्तावीस सोमवार. चार मंगळवार. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं टाकलं. त्या चारही मंगळवारांच्या आधीचा सोमवार लाल रंगात होता, सुट्टीचा.

"अगं, ही रविवारची भानगड आहे," ती म्हणाली. "बंद राहिल्यावर होतंय."

"मग रीस्टार्ट केल्यावर का नाही होत?"

सासूबाईने यादी पुन्हा वरपासून चाळली. एका लॅबचं नाव तीनदा होतं. तिने फोन लावला.

"बोला," पलीकडून एक बाई म्हणाली, दार तोंडावर लावावं तशी.

"यंत्र बनवणाऱ्या कंपनीतून बोलतेय. तुमचं यंत्र—"

"कुठलं आमचं? तुमचंच आहे ते. घेऊन जा. फुलझाडं ठेवेन त्या जागी."

"सोमवारी सुरू होत नाही ना?"

"होत नाही? अहो बाई, सोमवारी सकाळी माझ्याकडे पंधरा माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. कोणाला चक्कर येते, कोण मला शिव्या घालतं. तुमचा माणूस दुपारी बारा वाजता येतो, डिस्क बदलतो आणि म्हणतो, 'जपून वापरत जा.' जपून म्हणजे काय हो? मी काय यंत्राला फेकून मारते?"

"या सोमवारी मी येते. तुम्ही नेहमीसारखंच सगळं करा. मी आल्याशिवाय सर्व्हिसला फोन करू नका."

"आणि तोपर्यंत ते पंधरा जण?"

"त्यांना मी तोंड देईन."

"तुम्हीच द्या," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी पावणेसातला सासूबाई लॅबच्या दारात होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. स्पिरिटचा वास. बाकावर नऊ माणसं, बाह्या आधीच वर करून बसलेली. फोनवरची बाई रुंद खांद्यांची होती, किल्ल्यांचा जुडगा हातात. आल्या आल्या तिने बोळातल्या विजेच्या पेटीतला मोठा खटका वर केला. दिवे लागले, फ्रिज गुरगुरला.

"हा शनिवारी खाली करता?" सासूबाईने विचारलं.

"शनिवारी दुपारी एकला खाली. सोमवारी वर. मागे एकदा इथे वायर जळाली होती, तेव्हापासून जाताना सगळी वीज बंद. का? तेही चुकतं का माझं?"

"नाही."

लॅबवालीने यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'डिस्क उघडत आहे'. आणि तेवढंच राहिलं.

"बघा," लॅबवाली बाकाकडे वळून म्हणाली, "ह्या बाई कंपनीच्या. काय बोलायचं ते ह्यांना बोला."

बाकावरच्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मी काल संध्याकाळी सातपासून जेवलो नाहीये." एक बाई म्हणाली, "मला कामावर जायचंय, इथे तमाशा बघायला नाही आले." तिसरा नुसताच "वा" म्हणाला, पण असा की बाकी दोघांपेक्षा जास्त लागला.

"आता मी बंद करून परत चालू करते," लॅबवालीने बटणाकडे हात नेला.

सासूबाईने तिचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही."

"माझा हात सोडा."

"हे असंच अडकलेलं हवंय मला. बंद केलंत तर आत काय चाललंय ते पुसलं जाईल. दहा मिनिटं द्या."

"पाच. मग मी तुम्हालाच टोचेन."

यंत्राच्या मागे सर्व्हिसच्या माणसांसाठी एक खोबण असते. तिथे वायर जोडली की आतला कोणता प्रोग्रॅम काय करतोय ते दिसतं. सासूबाईने लॅपटॉप मांडीवर घेतला, वायर खुपसली. यंत्र मेलेलं नव्हतं. आत दोघं जण जागे होते आणि एकमेकांची वाट बघत होते. एक होता डिस्क उघडणारा. तो म्हणत होता, लॉग लिहिणाऱ्याचं होऊ दे, मग मी पुढे जातो. दुसरा होता लॉग लिहिणारा, म्हणजे यंत्रात जे जे घडतं त्याची नोंद ठेवणारा. तो म्हणत होता, माझी वही डिस्कवर आहे, डिस्क उघडू दे, मग मी लिहितो. दोघंही बिनचूक वागत होते, आणि त्याच बिनचूकपणात ती डिस्क जगाच्या अंतापर्यंत बंद राहणार होती.

उघडणाऱ्याला काय लिहून हवं होतं? तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. डिस्कवर शेवटी लिहिल्याची तारीख शनिवारची होती. यंत्राच्या घड्याळात मात्र पहिली जानेवारी होती, कित्येक वर्षांपूर्वीची. घड्याळ मागे गेलंय अशी तक्रार उघडणाऱ्याने केली होती, आणि ती नोंदवली जाईपर्यंत तो जागचा हलायला तयार नव्हता. कोऱ्या डिस्कवर मागची तारीखच नसते, म्हणून नवी डिस्क घातली की तक्रारच उठत नसे.

ओळीच्या वर एक टीप होती. 'तक्रार डिस्कवर लिहिली गेल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.' टीप अकरा वर्षांपूर्वीची. खाली तिचं नाव.

सासूबाई हसली. तिला हसताना ऑफिसात कोणी पाहिलं नव्हतं. हसू असं होतं की म्हातारे गृहस्थ बाकावर जरा सरकून बसले.

"हसताय काय?" लॅबवाली म्हणाली.

"सापडलं."

"मग करा ना सुरू!"

तिने वायरीतूनच यंत्राच्या घड्याळात आजची तारीख घातली आणि रीस्टार्ट केलं. दोन सेकंदांत डिस्क उघडली, पडदा निळा झाला.

लॅबवाली बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"ह्याच्यासाठी तीन वेळा डिस्क बदलली? तीन सोमवार मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ह्या एवढ्याशासाठी? लाज वाटते का हो तुम्हाला?"

"पेशंट घ्या," सासूबाई म्हणाली. "आणि मला मागचं झाकण उघडायचंय."

झाकणाच्या आत, घड्याळाशेजारी, सदऱ्याच्या बटणाएवढा सेल होता. जुन्या यंत्रांत तो चांगला नाण्याएवढा असे, आणि पाच वर्षं टिके; तोवर यंत्रच बदललं जाई. हा नवा बटणाएवढा वीज नसताना घड्याळ दीड दिवस चालवत असावा. शनिवार दुपार ते रविवार रात्र. मग घड्याळ शून्यावर. आणि तळघरातल्या टेबलावर हे कधीच झालं नसतं, कारण त्या बारा यंत्रांवर नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी एकदा प्लग काढून चार दिवसांचं काम घालवल्यापासून पाटी होती, 'वीज बंद करू नये'. पाटीही तिच्याच अक्षरातली. टेस्टिंगवाले रीस्टार्ट करत, वीज कधीच जात नसे, घड्याळ कधीच मागे पडत नसे.

परतीच्या बसमध्ये तिने मनात हिशोब मांडला. नवा सेल मुकादमाने निवडला होता. टेस्टिंगला विचारलं नव्हतं, तिला विचारलं नव्हतं. 'कारण: घड्याळाचा सेल लहान.' एका ओळीचा अहवाल. खोटा नव्हता. आणि तिच्या कोडच्या बाहेरचा होता.

घरी धाकटी बहीण होती. दोघी एकाच घरात राहत, दोन खोल्या आणि एक वाद, असं धाकटीच म्हणे. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. संध्याकाळी जेवताना सासूबाईने सगळं सांगितलं. धाकटीला यंत्रात काडीचा रस नव्हता, पण ताई आपणहून बोलतेय हेच नवल होतं.

"थांब," धाकटी म्हणाली. "म्हणजे एकाने तक्रार केली. ती लिहून घेईपर्यंत तो दारातून हलणार नाही. आणि लिहिणारा दाराच्या आत जाऊ शकत नाही, कारण हा दारात उभा."

"अगदी बरोबर समजलीस."

"समजणारच. मी पाहिलाय तो माणूस. माझ्यासमोर बसून जेवतोय."

सासूबाईने घास खाली ठेवला. "काय म्हणायचंय?"

"बाबा गेले तेव्हा. नर्सने रात्री दोनदा बोलावूनही लक्ष दिलं नाही, अशी तक्रार तुला वहीत लिहून हवी होती. वहीवाला कारकून नऊला यायचा. तू म्हणालीस, नोंद झाल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही. तुझ्या सहीशिवाय हॉस्पिटलवाले बाबांना सोडेनात. पहाटे पाच ते नऊ. चार तास."

"नोंद झाली म्हणून त्या नर्सची चौकशी झाली. नाहीतर काही झालं नसतं."

"झाली ना चौकशी. छानच झालं. मी चार तास बाबांजवळ उभी होते, ताई. चादर सारखी घसरत होती, मी सारखी ओढत होते. तू खाली त्या खिडकीपाशी."

"मी चुकले नव्हते."

"मी कुठे म्हणतेय चुकलीस? तुझा तो उघडणारा तरी कुठे चुकलाय?" धाकटीने ताट उचललं. "भाजी उरलीये, संपव. फेकू नकोस."

सासूबाईने भाजी संपवली.

मंगळवारी तिने कोड दुरुस्त केला. आठ ओळी. तक्रार तूर्त यंत्राच्या स्मृतीत ठेवायची, पुढे जायचं, डिस्क उघडली की मग ती वहीत उतरवायची. तासाभराचं काम. तपासनीसने टेबलावरच्या एका यंत्राचा प्लग ओढला, घड्याळ शून्यावर नेलं, शंभर वेळा सुरू केलं. शंभर वेळा सुरू झालं.

मग फॉर्म. कंपनीत कोडची एक ओळही बदलायची तर फॉर्मवर 'कारण' असा रकाना भरावा लागे. तो सक्तीचा करून घेतला होता तिनेच, इतरांच्या खोड्या धरायला. तिने लिहिलं, 'घड्याळाचा सेल लहान.' आणि त्या ओळीकडे बघत बसली. सेल लहान, म्हणून आठ ओळी फाइल सिस्टिममध्ये का बदलल्या? हा फॉर्म जावयाने भरून आणला असता तर तिने तो त्याच्याच अंगावर भिरकावला असता. खोडलं. पुन्हा दुसऱ्या शब्दांत तेच लिहिलं. पुन्हा खोडलं. तिसरा फॉर्म घेतला.

"काय चाललंय?" तपासनीसने डोकावून विचारलं.

"तू तुझं बघ."

बुधवारी अहवाल जावयाच्या हातात आला. मुकादमाने त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं, आणि त्याने चवीचवीने वाचला.

"'मुद्दा एक. फाइल सिस्टिममधील तक्रार-नोंदीची ओळ सदोष. ती मी लिहिली.'" त्याने कागद खाली केला. "म्हणजे मॅडम, चूक तुमचीच."

"हो. पुढे वाच."

"आम्ही इतके दिवस तेच सांगत होतो—"

"तू सांगत होतास की कोड जुना आहे. कुठली ओळ, ते सांगितलंस? पुढे वाच."

"'मुद्दा दोन. नव्या खेपेतील घड्याळाचा सेल वीज नसताना दीड दिवसच टिकतो. हा सेल टेस्टिंगला न दाखवता बदलण्यात आला. मंजुरीची सही…'" जावयाचा आवाज उतरला. "'…विभागप्रमुखांची.'"

"मुद्दा तीन," तपासनीस कोपऱ्यातून म्हणाली, "आमच्या टेबलावरची पाटी. तो माझा नि तिचा. वाचा, लाजू नका."

मुकादम म्हणाला, "सगळे बाहेर. बाई थांबा."

खुर्च्या सरकल्या. दार लागलं. मुकादम पहिल्यांदाच खाली बसला.

"शहाणपणाने घेऊ," तो म्हणाला. "तुम्ही कोड दुरुस्त केलाय. यंत्र आता अडकणार नाही. मग हा कागद कशाला? मुद्दा दोन काढा. मुद्दा एकही काढा, माझी हरकत नाही. 'कारण अनिश्चित, दुरुस्ती केली.' तुमचा कोड राहील. त्या पोराला मी सांगतो गप्प बसायला."

सासूबाईची तेवीस वर्षं त्या टेबलावर पणाला लागली होती.

"पुढच्या खेपेत सेल कुठला घालणार?" तिने विचारलं.

"हाच. आता काय बिघडतंय?"

"घड्याळ सोमवारी पहिल्या जानेवारीवरच असणार. यंत्राला नेटवर्कवरून खरी वेळ मिळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर जे रिपोर्ट छापले जातील त्यावर चुकीची तारीख."

"पाच मिनिटं!"

"त्या पाच मिनिटांत कोणाचं तरी रक्त असतं. डॉक्टर तारीख बघून औषध ठरवतो."

"मग करा लेखी तक्रार," मुकादम खवळून म्हणाला. "तुम्हाला आवडतं ना!"

"केलीय. तुमच्या हातात आहे."

मुकादमाने कागदाकडे पाहिलं. फाडेल असं वाटलं. पण त्याच्या तीन प्रती असणार हे तेवीस वर्षांत तोही शिकला होता.

"सोमवारपासून माहितीपुस्तिका विभाग," तो म्हणाला. ती तोंड उघडायच्या आत त्यानेच कागद ओढला. "देतो, देतो. लेखी देतो."

दुरुस्ती गुरुवारी सगळ्या लॅबना गेली. यंत्र नेटवर्कला जोडलेलं असलं की ती आपोआप बसे. शुक्रवारी तिने जावयाला कोड सोपवला. बाहेरची फाइल सिस्टिम पुढच्या खेपेपासून येणार होती, पण सहाशे यंत्रांत हिचीच होती आणि ती आता त्याने सांभाळायची होती.

"मॅडम, ते दोघांनी एकमेकांसाठी अडून बसायचं प्रकरण जरा समजावून सांगाल का?" त्याने विचारलं. मधाळपणा कुठेतरी गळून पडला होता.

"टिपा आहेत. वाच."

"वाचल्या. टिपांत शिव्या आहेत."

"त्याही वाच. जिथे शिवी आहे तिथे हात लावू नकोस."

"तुम्ही मुद्दा एक लिहिला नसतात ना, तर मला तो सापडला नसता," तो म्हणाला. हे कौतुक होतं की टोमणा, त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच मला काळजी वाटते त्या सहाशे यंत्रांची." आणि खोका उचलून निघाली. त्याने दार उघडायला हात पुढे केला, तिने कोपराने आधीच उघडलं होतं.

माहितीपुस्तिका विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. शेजारच्या टेबलावर यंत्रांच्या आकृत्या काढणारा एक चित्रकार बसे. सोमवारी सकाळी आठला ती आली, खोका न उघडता आधी फोन ओढला. कुठली यंत्रं सुरू झाली, कुठली अडकली, हे दाखवणारा तक्ता आता तिला उघडायची परवानगी नव्हती.

"बोला," पलीकडून लॅबवाली.

"मी मागच्या सोमवारी आले होते. वायर घेऊन."

"हां, ती हसणारी. लवकर बोला, रांग आहे."

"सुरू झालं?"

"काय?"

"यंत्र हो. सुरू झालं का?"

"झालं की. न व्हायला काय झालं?"

"किती वेळात?"

"मी काय मोजत बसले होते? बटण दाबलं, झालं." मग आवाज चढला. "पण पहिल्या तीन कागदांवर तारीख कुठली आली माहितीये? पहिली जानेवारी! मी पेनाने खोडून लिहिली. एक गेलं की दुसरं! हे कोणाला सांगायचं, ते सांगा मला."

सासूबाईने मुकादमाच्या टेबलावरचा थेट नंबर सांगितला. सावकाश, एकेक आकडा सुटा करून. चित्रकाराने पेन्सिल खाली ठेवली आणि वळून बघितलं.

"हा कोणाचा?" लॅबवालीने विचारलं.

"ज्याने सेल निवडला त्याचा. बाकीच्या लॅबवाल्या ओळखीच्या आहेत तुमच्या?"

"दहा-बारा आहेत."

"त्यांनाही द्या."

"आणि उचलला नाही तर?"

"परत करा."

"चिडला तर?"

"चिडेल," सासूबाई म्हणाली. "तुम्ही काही कमी आहात का?"

पलीकडे लॅबवाली कोणावर तरी खेकसली, "बाही वर करा, किती वेळा सांगायचं!" आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" चित्रकाराने विचारलं.

"एक भांडखोर बाई."

"मला वाटलंच," तो म्हणाला, "मैत्रीण असणार."

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि तो पुन्हा पेन्सिल घेऊन आकृतीवर वाकला.